एका चालीवरची दोन गाणी

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. बायकोला वाटतं, बापूचं आणि माझं भांडण झालं होतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं! भांडायला निदान समोर उभं राहावं लागतं. आणि मी –

थांबा. आधी गाण्याचं सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी माधवनगरला कापडगिरणीत होतो आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून सगळ्यांत शहाणा. गिरणीतल्या एकाचा भाऊ बोटीवर होता, त्यानं एक इंग्रजी रेकॉर्ड आणली. गिटारी अशा, की सगळे माग एकदम सुरू झाले असं वाटावं. डिक्शनरी घेऊन आठ दिवस बसलो तेव्हा कळलं – गाणं लढाईच्या विरुद्ध होतं.

आमच्याकडे चाल कुणाच्या मालकीची नसते. सिनेमातली उचलायची, भजनातली उचलायची. आमच्या बँडमास्तरांनी ही चाल आधी नुसती वाद्यांवर बसवली आणि वरातीत नवरदेवाचे मामे तिच्यावर घाम गाळून नाचले. मला हसू यायचं. मग मी तिच्यावर मराठी शब्द लिहिले. खोटं कशाला बोलू, चांगले झाले होते. नकाशावर बोट ठेवून फौजा धाडणाऱ्याचं पोरगं कुठं हाय, असं त्यात विचारलं होतं.

ते शब्द मी बापूला दिले. बापू आमचा गायक, साताऱ्याकडचा. वडील फौजेतले निवृत्त सुभेदार, गाव त्यांना आबा म्हणायचं. थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. बापूनं कागद वाचला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. शब्द माझे आहेत हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आता त्या गावांची रीत सांगायला हवी. पोरगं भरती झालं की त्याला वाजतगाजत एसटीपर्यंत पोचवायचं. आईनं रडायचं नाही, अपशकुन होतो. पण आई ती आईच. म्हणून मास्तरांचा हुकूम असायचा – माउलीचा आवाज फुटला की मोठा ढोल चढवा. खरं म्हणजे त्यासाठीच आम्हाला बोलवायचे. किती आयांचा आवाज मी असा बुडवला असेल?

बापूच्या गावचंच बोलावणं आलं. आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं, म्हणू का ते गाणं? मी म्हणालो, "म्हण की गड्या. भ्या वाटतंय व्हय?"

हे ध्यानात ठेवा. डिवचलं मी होतं.

सकाळची एसटी लागलेली. दोन पोरं कुंकू लावून आत बसलेली. एकाच्या आईचा आवाज फुटला, ढोल चढला – आणि बापूनं हात वर करून ढोल थांबवला. त्या बाईचं रडणं सगळ्या गावानं ऐकलं. मग तो गायला. मी क्लॅरिनेट तोंडाला लावून त्याला साथ देत होतो. अंगावर काटा आला होता, आणि वाटत होतं – माझे शब्द! पोरगं एसटीतून उतरलं आणि आईच्या गळ्यात पडलं.

आबा गर्दीतून पुढं आले. "कुनी लिवलं ह्ये?"

बापूनं माझ्याकडं नुसतं बघितलं. आबाही वळले. इंग्रजी शिकलेला तिथं मीच होतो ना. "तुजं हाय?"

"न्हाई आबा. बापूचंच हाय. आमी नगं म्हनत हुतो."

दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

आबांनी हात उगारला नाही. "थोरला लढून मेला, धाकटा आज मेला," एवढंच म्हणाले. बापूनं बँडची टोपी काढून ढोलावर ठेवली आणि त्याच एसटीत चढला. माझं नाव सांगायला त्याला किती शब्द लागले असते? एक. त्यानं तो काढला नाही.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण गावांना चाल आवडली होती, शब्द तेवढे खटकत होते. मास्तर म्हणाले, बदल. मी एका संध्याकाळी बदलले. तीच चाल, आणि वर शौर्य, रक्त, भारतमाता. हे गाणं पहिल्यापेक्षा जास्त चाललं. त्यावर माझं नाव होतं. पंधरा ऑगस्टला त्याच गावात, आबांच्याच हातून मला शाल मिळाली. माणसं पांगल्यावर म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "माज्या पोराला तुजी अक्कल असती तर!" त्या वेळी भ्यायला गर्दीसुद्धा नव्हती, तो आणि मी, बस. मी वाकलो आणि पाया पडलो.

बापूचं एकच कार्ड आलं होतं. जतकडं पाण्याच्या टँकरवर आहे, आबांची तब्येत कळवत जा. टोमणा नाही, काही नाही. खाली पत्ता. मी उत्तर लिहिलं नाही.

दोनेक वर्षांनी एक दिवस बापूची आई माधवनगरला माझ्या दारात. आबांनी अंथरूण धरलं होतं. बापूला बोलवा, एकदा बगू द्या, म्हणत होते. "लेकरा, तुजा जिवाचा दोस्त हुता त्यो. कुटं हाय, ठाव हाय का रं?"

कार्ड देव्हाऱ्यामागं होतं. बापू आला असता, बापलेक बोलले असते, आणि मग –

"न्हाई काकी," मी म्हणालो. "मला कसं ठाव असंल?"

त्या पाणी प्यायल्या, माझ्या पोरीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि दुपारच्या एसटीनं परत गेल्या. आबा तिसऱ्या दिवशी गेले. शेवटपर्यंत दाराकडं बघत होते.