उस्तादचा थांबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई — बायकोला न्हाई, शांतिलालशेठला तर बिलकुल न्हाई. तुम्हाला सांगतो. जरा जवळ बसा.

जालन्यात जॅझ ऐकणारी माणसं आहेत म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. नव्या जालन्यात शेठच्या कापडदुकानावरच्या खोलीत आम्ही दर रविवारी जमतो — एक बँकवाला, दोन मास्तर, बियाणं कंपनीतला मी — अन् एकाच माणसाचा सॅक्सोफोन ऐकतो. तिकडं अमेरिकेत वाजवायचा, कधीच वारला. आम्ही त्याला उस्ताद म्हणतो. तरुणपणी त्यानं मला धरलं ते अजून सोडलं न्हाई.

त्याच्या एका मैफलीची कॅसेट मी मुंबईहून आणल्ती. ही मैफल आज मोबाईलवरबी कुठं सापडत न्हाई. सगळ्यांनी माझ्याच कॅसेटवरून उतरवून घेतली. तिच्यात एका जागी सूर चढत चढत जातो, अन् — थांबतो. एकदम शांत. मंग खालून परत उचलतो. तो थांबा आला की आमच्या खोलीत कपबशी वाजत न्हाई. सगळे श्वास रोखून बसतात. शेठ जैन, ते म्हणतात, सामायिकात ध्यानाला बसूनबी मन इतकं शांत होत न्हाई.

ही रीत कुणी पाडली? मी.

मंग, बऱ्याच वर्षांमागं, एका रविवारी वडीगोद्रीचे भगवानराव आले. मोसंबीची बाग, भारदस्त माणूस, आवाज मात्र हळू. तीच मैफल दुसऱ्या कॅसेटवर मिळवून आणल्ती त्यांनी. लावली. सूर चढला — अन् थांबलाच न्हाई. वर, आणखी वर, असा काही गेला की माझ्या अंगावर काटा आला.

अन् मी काय केलं?

म्हटलं, "भगवानराव, ही नकली आहे. उस्तादला ऐकायला कान लागतात, मोसंबीची बाग न्हाई."

खोली हसली. मीबी हसलो. "असंल बुवा, मला कुठं त्यातलं कळतंय," म्हणाले, कॅसेट खिशात घातली अन् गेले. परत आले न्हाईत.

नकली माझी होती. माझ्या टेपरेकॉर्डरनं ती खाल्ली होती. चुरगळलेली फीत मी कात्रीनं कापली, मधे कोरा तुकडा चिकटपट्टीनं जोडला. तो थांबा उस्तादचा न्हाई — माझा. आधी लाजेपोटी तो उस्तादचाच म्हणून रचून सांगितलं. पुढं लोक मला कानाचा पक्का माणूस म्हणायला लागले, अन् ते गोड लागलं. तेवढ्यासाठी मी एका माणसाला त्याच्या आवडीतून हुसकून लावलं. दुसरं कारण न्हाई.

गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचा मेसेज आला. वडीगोद्रीची. आमचे बाबा बागेत रोज सॅक्सोफोन ऐकतात, तुमच्याकडं आणलं तर चालंल का? ते लाजतात, म्हणतात मला त्यातलं कळत न्हाई.

अजून तेच वाक्य. वाचून मला रडू आलं. पण ऐकणं सोडलं न्हाई त्यांनी — अन् खरं सांगतो, त्यानं छाती हलकी झाली.

मी लिहिलं, आणा. जुनी कॅसेटबी आणा. रविवारी सगळ्यांसमोर आधी मी बोलणार — कात्री, चिकटपट्टी, मोसंबीचं ते बोलणं, सगळं. कुणाला मला जे म्हणायचं ते म्हणू दे. मंग भगवानरावांची कॅसेट लागंल, अन् इतक्या वर्षांनी आमची माणसं उस्तादला अख्खं ऐकतील.