नांतमध्ये चारदा

शुक्रवारी दुपारी कारखान्यातली पाळी सुटली, तेव्हा मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून सुजलेले पाय रबरी बुटांतून उपसत होते. स्वाझिग टोपी काढत म्हणाली, "नांतला येतेस?"

"कधी?"

"आत्ता. गाडी तुझी, पेट्रोल माझं."

शनिवार-रविवार झोपून काढायचा, एवढं एकच स्वप्न मी आठवडाभर पाहिलं होतं. पण स्वाझिगने खिशातून एक कार्ड काढून पुढे धरलं. चार दिवस ते तिच्या एप्रनमध्ये होतं, त्यालाही सार्डीन माशांचा वास लागला होता. कार्डावर नांतमधला पत्ता आणि खाली नाव, एनोरा. बाकी एक अक्षर नाही.

सदतीस वर्षं स्वाझिग आमच्या दुआर्नने गावातल्या कारखान्यात उभ्याने डब्यांत मासे रचतेय. बाई कधी कुणाला दुखणं सांगायची नाही, कधी सुट्टी मागायची नाही. लेकीलाही तिने इथेच चिकटवलं होतं. सहा वर्षांपूर्वी एनोरा म्हणाली, मला नाही आयुष्यभर मासे रचायचे. ही फटकन म्हणाली, "मग जा, आणि परत येऊ नकोस." पोरगी आईवर गेलेली. गेली ती आलीच नाही.

"पत्ता पाठवलाय म्हणजे बोलावलंय," मी म्हटलं.

"की नुसतं कळवलंय?" स्वाझिग म्हणाली. "तेच बघायचंय मला. तिची मी अजून कुणी लागते का ते."

आता यावर झोपेचं कारण कसं सांगणार? निघालो. वाटेत तिने पत्र्याच्या डब्यातला लोण्याचा केक घेतला आणि तीन तास मांडीवर धरून बसली. स्टेशनजवळ स्वस्तातली खोली मिळाली, पलंग एकच. ती रात्रभर कूस बदलत होती, म्हणजे मीही जागीच.

सकाळी पत्ता सापडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे गुडघे मला शिव्या देत होते. दार एनोरानेच उघडलं. केस कापलेले, बारीक झालेली. मी पुढे होते म्हणून आधी मला भेटली. आमच्या दुआर्ननेकडे भेटताना गालाला गाल एकदाच लावतात. मी लावला आणि मागे सरले, तर ती दुसऱ्या गालासाठी पुढे आली आणि माझ्या नाकावर आदळली.

"इथे चारदा असतं, मावशी," ती हसून म्हणाली, आणि चार पुरे केले.

मग स्वाझिगकडे वळली. गाल लावला. एकदा. आणि कॉफी ठेवायला आत निघून गेली.

स्वाझिग केक हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी तिला कोपराने आत ढकललं. तासभर बसलो. नोकरी बरी आहे, भाडं फार आहे, पाऊस तिकडे जास्त की इकडे, असल्या गप्पा. मध्येच शेजारीण किल्ली द्यायला आली. तिलाही चार. स्वाझिग कपात बघत होती, पण मोजत होती हे मला ठाऊक आहे.

खाली ट्रामच्या थांब्यावर बसल्यावर म्हणाली, "तुला चार. किल्लीवालीला चार. मला एक."

"गडबडली असेल गं."

"मारिव्होन, मला समजावू नकोस. मी दमलेय."

मीही दमले होते. पण संध्याकाळी खोलीवर ही बया मला उभं करून म्हणते, "दाखव कसं करतात ते चारदा." मासे रचताना जिचा हात कधी चुकला नाही, तिला उजवा-डावा जमेना. माझा चष्मा दोनदा पडला. ती हसली नाही. "उद्या मीच करते. तिला इथलीच रीत हवी तर इथली," ती म्हणाली.

रविवारी एनोरा निरोप द्यायला गाडीपर्यंत खाली आली. केकचा डबा धुऊन आणला होता. मला पुन्हा चार. मग स्वाझिग पुढे झाली. एक गाल लावला, आणि मान ताठ करून दुसऱ्याला निघाली.

एनोराने तिचे खांदे धरून थांबवलं.

"आई, हे काय? आपल्याकडे एकच ना."

स्वाझिगचं तोंड उघडंच राहिलं. मग म्हणाली, "हो गं. एकच." डबा घेतला आणि गाडीत बसली.

मी गाडी काढली. पाठ मोडून आली होती, आणि सोमवारी पहाटे पुन्हा पाळी. शहर मागे पडलं. मग डब्याचं झाकण चाचपत म्हणाली, "तू ऐकलंस ना? काय म्हणाली ती?"

"ऐकलं."

"सांग ना."

"आपल्याकडे एकच, म्हणाली."

"आपल्याकडे म्हणाली?"

"आपल्याकडे म्हणाली."

थोडं अंतर गेलं. स्वाझिगने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा सांग." घराजवळचं कँपेर शहर येईपर्यंत मी तिला ते पाच वेळा सांगितलं.