श्वासनलिकेशेजारची हवा

माझ्या श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला हवेचा एक फुगवटा आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. खोकला जात नव्हता म्हणून नगरला छातीचा सीटी स्कॅन काढला. रिपोर्टचं इंग्रजी मला अर्धंच लागलं, कारण जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. त्यात ‘सिस्ट’ असा शब्द होता; सिस्ट म्हणजे गाठ असणार, असं मी बायकोला सांगितलं. छातीचे डॉक्टर चार दिवसांनी भेटणार होते. आमच्या गावात, बेलापुरात, बातमीला एवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येऊ लागली. सगळे भिंतीकडे बघून ‘काही होत नाही’ म्हणत होते.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. बांधावरची बाभूळ मी न विचारता तोडली, म्हणून आमचा अकरा वर्षं अबोला होता. घरं शेजारीशेजारी, मधे एक भिंत. तो माझ्या खाटेवर पायांशी बसला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, “वहिनी, दादाला म्हनावं गार पानी पिऊ नको.”

“त्याला म्हणावं, कोमटच पितो,” मी म्हणालो.

बायकोनं बाहेर येऊन दोन्ही निरोप पोचवले.

मग तो रोज यायला लागला. मरणाची भीती वाटत होती, हे खरं. पण पाच वाजून गेले आणि त्याच्या चपला वाजल्या नाहीत, तर त्याहून जास्त जीव खालीवर व्हायचा.

डॉक्टरांकडे त्यानंच पिकअपमधून नेलं. बायको मधे बसली, निरोपांच्या सोयीसाठी. तो गाडी लावायला गेला आणि आम्ही दोघं आत गेलो.

“नळीच्या भिंतीत एखादी जागा नाजूक असते, तिथून हवा जराशी बाहेर फुगते,” डॉक्टर म्हणाले. “बऱ्याच जणांना असते. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन काढला की दिसते. तुमच्या हवेला काही करायची गरज नाही. खोकला ॲलर्जीचा आहे, पाच दिवसांचं औषध देतो.”

“पण वाढू शकते ना?” मी विचारलं.

“सहसा नाही.”

“सहसा म्हणजे?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. बायकोनं कोपरानं ढोसलं. रिपोर्ट चांगला आला म्हणून ज्याचा चेहरा पडतो असा माणूस मी आहे, याची मला लाज वाटली. पण पडला होता खरा. आता भाऊ कशाला येईल?

बाहेर आल्यावर बायकोनं त्याला सांगितलं, “नुसती हवा आहे म्हणे.” त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.

चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेली माझी बायको राहुरीच्या अलीकडेच झोपली. आता निरोप न्यायला कुणी नव्हतं.

मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “दादा, मंग आता येऊ नको का मी?”

अकरा वर्षांनी त्यानं मला हाक मारली होती. माझे डोळे भरून आले. बाभळीचं काहीतरी बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही.

“खोकला हाय की अजून,” मी म्हणालो.