बाळाचा दुसरा डोस आणि माझी पदवी

"ही इंग्रजीतून गप्प बसते," काकी स्वयंपाकघरात शेजारणीला सांगत होती. "बरीच शिकली हाय गो, पण काय विचारायची सोय नाय."

मी ओटीवर बसून ते नीट ऐकलं आणि इंग्रजीतूनच गप्प बसले.

प्रश्न साधा होता. पोलादपूरजवळच्या काकीच्या गावात, अंगणवाडीत सिस्टर लस द्यायला आल्या होत्या. चुलतभावाच्या बाळाचा आज दुसरा डोस होता. पहिल्या वेळी बाळ रात्रभर तापाने फणफणलं होतं आणि मांडीवर सुपारीएवढी गाठ आली होती. काकीचं मत तेव्हापासून पक्कं होतं. "बरं पोर आजारी पाडायला न्यायचं काय?"

वहिनीला मात्र न्यायचं होतं. तिच्या माहेरी शेजारच्या तान्ह्याला डांग्या खोकला झाला होता, आणि ही लस त्यावरचीही होती. खोकताना त्याचा निळा पडलेला चेहरा तिने पाहिला होता. पण चुलतभाऊ कामावर गेलेला आणि सासूपुढे ती एकटी किती बोलणार? बाळाला टोपडं घालून ती माझ्याकडे बघत होती. घरात मायक्रोबायोलॉजीची पदवी एकच, आणि ती चहात बिस्किट बुडवत होती.

डोक्यात भाषण अगदी तयार होतं. जंतू शिरले की आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, लढतात आणि बहुतेक तिथंच मरतात. मागून मॅक्रोफेज येऊन जंतू गिळतात. डेंड्रिटिक पेशी जंतूचा तुकडा उचलून टी पेशींना नेऊन दाखवतात, टी पेशी बी पेशींना कामाला लावतात आणि त्या प्रतिपिंडं बनवतात. हे सगळं उरकल्यावर काही पेशी ते लक्षात ठेवून वर्षानुवर्षं बसून राहतात. या शेवटच्या पेशींची मी परीक्षेत रंगीत आकृती काढली होती. त्यांना मराठीत काय म्हणतात, ते मला माहीत नव्हतं.

मी घसा साफ केला. काकी लगेच बाहेर आली. "काय गो?"

"चहात साखर बरोबर आहे," मी म्हणाले.

शेजारीण हसली. काकी हसली नाही, तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. वहिनीने बाळाच्या टोपड्याची नाडी सोडायला घेतली. सिस्टर आता थोड्या वेळात पुढच्या वाडीवर जाणार होत्या. मी दुसरं बिस्किट उचललं.

तेवढ्यात काकीने पडवीच्या टोकाला जाऊन पावसात नदीकडे बघितलं आणि नदीच्या खालच्या अंगाला, महाडला माझ्या बाबांना कापडाच्या दुकानात फोन लावला.

"भावजी, सावित्रीचं पाणी चढतंय. कापडाचे गठ्ठे माळ्यावर घ्या... पूर नाय आला तर नाय आला! घ्या तुम्ही वर."

हा फोन आमच्या दुकानात दर पावसाळ्यात येतो. बाबा कुरकुरतात, मग आम्ही सगळे गठ्ठे चढवतो आणि दुसऱ्या दिवशी घरभर कमरेला शेकायच्या पिशव्या फिरतात. बहुतेक वेळा पाणी येतच नाही. मी लहान असताना एकदा मात्र कुणी कळवलं नव्हतं, आणि नंतर कितीतरी दिवस आम्ही गच्चीवर चिखलाच्या साड्या वाळवत होतो. आता कुणी कुठलं टोक धरायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. इतकी वर्षं मी ते गठ्ठे उचलले, पुस्तकातली ती प्रकरणंही घोकली, आणि दोन्हींची ओळख करून द्यायचं मला कधी सुचलं नाही. ओळख करून देणं माझ्याकडून तसंही होत नाही.

काकी फोन ठेवून आत निघाली. वहिनी टोपडं घडी करत होती. मी कप खाली ठेवला.

"काकी, थांब," मी म्हणाले, आणि आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "बाळाचा तो ताप म्हणजे आमचे बाबा गठ्ठे चढवतायत. पूर आलेला नाही. लस म्हणजे कुणीतरी नुसता फोन केला, तुझ्यासारखा. एका फोनवर बाळाचं अंग शिकत नाही गं, परत करावा लागतो. मग खरं पाणी आलं तरी सगळं वर असतं. ताप येईल, मी रात्री इथंच राहते. चल, बाळाला मी घेते, छत्री तू धर."