चार बोटं चिखल

अरुणदादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये उभी होते आणि समोर भिंतीवर त्याने रंगवलेले शेकाटे पक्षी. रडू यायच्या आधी माझी मान खाली गेली... ते चित्र मला बघवेना. महिना होत आला, अजूनही बघवत नाही.

दादा माझा मामेभाऊ, कळव्याचा. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि ओहोटीच्या वेळा तोंडपाठ ठेवायचा. पाणी उतरलं की स्वारी खाडीवर, गुडघाभर चिखलात. त्याच्या पँटींसाठी वहिनीने वेगळी बादलीच ठेवली होती. कागदावरही तो आधी चिखलच रंगवायचा. खेकड्यांची बिळं, किड्यांनी ओढलेल्या रेघा, डबकी... त्यात पंधरा-पंधरा दिवस जायचे. पक्षी सगळ्यात शेवटी, एखाद्या दुपारी. मी चिडवायचे, दादा, लोकांना पक्षी बघायचे असतात रे. त्यावर तो म्हणायचा, पक्षी इथे जेवायला येतात, आधी ताट नको का मांडायला?

नौपाड्यातल्या आमच्या नव्या घरासाठी त्याने हे चित्र दिलं. लांब लाल पायांचे तीन शेकाटे, खाली भरपूर चिखल. मला मात्र सोफ्यावर शोभेल अशी तयार सोनेरी फ्रेम हवी होती आणि चित्र तिच्यापेक्षा चार बोटं मोठं निघालं. कुठून कापू, असं फ्रेमवाल्याने विचारलं.

"खालून घ्या," मी म्हटलं. "तिथे काही नाहीये."

दादा जेवायला आला तेव्हा त्या अर्ध्या पायांच्या पक्ष्यांपुढे बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "माधवी, खालची पट्टी कुठंय गं?"

"आहे ना दादा. कपाटात नीट ठेवलीय."

ती केव्हाच दुकानाच्या केरात गेली होती. तो "बरं" म्हणाला, पानावर बसला, आमटी मागून घेतली. पुढे सहा वर्षं त्याने विषय काढला नाही आणि मी सुटले असं समजत राहिले. लिहिताना लाज वाटते, पण तसंच समजत होते.

दिवस झाल्यावर वहिनीने माझ्या हातात पुठ्ठ्याची नळी दिली. वर माझं नाव. आत चार बोटं रुंदीची पट्टी होती. तीच बिळं, त्याच रेघा, आणि माझ्या भिंतीवर जिथे तुटतात बरोबर तिथून खाली आलेले सहा लाल पाय.

"तुझ्याकडून जेवून आले, त्याच आठवड्यात बसले रंगवायला," वहिनी म्हणाली. "मला म्हणाले, ती मागेल तेव्हा देऊ."

पट्टी जोडायची तर फ्रेम मोडावी लागेल. दोनदा त्या दुकानापर्यंत गेले आणि पायरीवरूनच परतले. कोणी विचारलंच, तर पट्टी आहे. कपाटात नीट ठेवलीय.