तानुकाकूचं तोरण

नांदुऱ्यातल्या आमच्या घरी कोणी नवं माणूस आलं की चपला काढता काढता वर पाह्यते. बाहेरच्या दारावर काचेच्या मण्यांचं तोरण हाय, बारा राघू अन् मधात हत्ती. आत मधल्या दारावर दुसरं, जुनं, तुळशीवृंदावनाचं. "वच्छलाबाई, काय हात हो तुमचा!" असं म्हणते ते माणूस, अन् मी हसतो. चाळीस वर्षं हसून राह्यली. पुरे झालं आता. मले साधं बटन लावता येत नाही, इचारा आमच्या घरच्यायले! सासू गेली, जिचे ते हात होते तेही गेली. आता कोणाले भ्यायचं?

ते हात तानुकाकूचे.

माहं माहेर जानेफळ. आमच्या शेजारी भगवानरावाचं घर, अन् तानुकाकू त्याची बहीण. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला. वर्षाच्या अंबूले कडेवर घेऊन भावाकडं आली, ते तिथंच राह्यली. आमच्या लोकात विधवेचा पाट लावत नव्हते. इज्जतवाले ना आम्ही!

कापसाचा पहिला वेचा घरात आला की गावातल्या बाया भिंतीले पांढऱ्या मातीचा हात देत, गेरूचे पट्टे ओढत, दारं-खिडक्या सजवत. तानुकाकू ओट्यावर उन्हात सूप घेऊन बसे. सुपात मणी, मेहकरच्या बाजारातून आणलेले, रंगारंगाचे ढीग केलेले. हे काम हिवाळ्याचंच. उन्हाळ्यात बोटं घामेजतात, दोरा मळते, सुई गंजते. थंडीत मेण लावलेला दोरा कसा ताठ राह्यते. पण त्याच थंडीनं तिची बोटं उलत. मण्याले रक्त लागलं की पदरानं पुसे अन् पुढं ओवे.

माघ-फाल्गुनात लग्नं. रुखवतात नवरीच्या हातचंच तोरण पाहिजे अशी रीत, अन् गावातल्या निम्म्या पोरीयचे हात माह्यासारखे. मग जायचं तानुकाकूकडं. साऱ्या आळीले ठाऊक होतं, पण सासरच्यायपुढं कोणी चकार शब्द काढत नव्हतं. तिचा एक नेम होता. शेवटचा मणी ते स्वतः ओवत नव्हती, नवरीले ओवायले लावे. "घे, आता तुह्याच हातचं झालं. खोटं बोलायचं कारण नाही," म्हणे, अन् वरून शिकवे, "सासूनं इचारलं किती दिवस लागले, तर दोन हिवाळे सांग. एक सांगशीन तर दरसाल करायले लावन!" आम्ही पोट धरून हसू. माह्या तोरणात शेवटचा मणी मधल्या तुळशीचं पान होता. माह्यानं तेवढंही धड झालं नाही, पान वाकडं बसलं.

तिची एकच इच्छा होती, सारखी बोलून दाखवे. "अंबूचं तोरण मी माह्या नावानं देईन. लपवाछपवी नाही. मायनं लेकीसाठी केलं, एवढंच लोकायनं म्हणावं. एक तरी तोरण माहं म्हणून लागू दे कोणाच्या दारावर."

माह्या लग्नाले सात वर्षं झाली, तवा अंबू सोळाची झाली. छत्तीस-सदतीसचं साल असन. माहा दीर निवृत्ती नागपूरच्या बोर्डाची मॅट्रिक होऊन नांदुऱ्याच्या स्टेशनात चिकटला होता. वऱ्हाडातल्या पोराले तवा परीक्षा म्हटलं की नागपूरचंच नाव. अंबूचं स्थळ मीच सुचवलं. मीच जमवलं, अन् मीच त्यात माती कालवली.

मार्गशीर्षात साखरपुड्याले आम्ही जानेफळले गेलो. फराळ झाल्यावर माह्या सासूबाई, मनकर्णाबाई, उन्ह खायले ओट्यावर आल्या. तिथं तानुकाकू बसली होती, मांडीवर तोरण, अर्ध्याच्या वर झालेलं. इतकं बारीक काम तिनंही कधी केलं नव्हतं. हत्तीच्या सोंडीतल्या कमळाची पाकळी न् पाकळी मोजता येत होती.

"अगं बाई! कोण करून राह्यलं हे?" सासूबाई म्हणाल्या.

तानुकाकू आनंदात होती. तिथंच चुकली. "मी, विहीणबाई. अंबूच्या दारासाठी."

सासूबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. "भगवानराव, तुमाले काही समजते का नाही? पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं तोरण माह्या दारावर? नवं जोडपं त्याच्याखालून जाईन?" मग माह्याकडं वळल्या. "काही गरज नाही. आमची वच्छला करन. तिच्या हातचं तोरण सात वर्षांपासून हाय आमच्या दारावर, लोक पाहायले येतात. करशीन ना वं?"

ओट्यावर माही आई होती, भगवानराव होता, आळीतल्या चार बाया होत्या. साऱ्यायनं तोंडात मिठाची गुळणी धरली. तानुकाकूनं सुई थांबवली अन् माह्याकडं पाह्यलं. वाट पाहून राह्यली.

सासूबाईले एक वाक्य बोलायचं होतं मले. आत्याबाई, ते तोरण हिच्याच हातचं हाय, अन् सात वर्षं तुमी त्याच्याखालून येऊन-जाऊन राह्यल्या. बस, एवढंच. पण माहा पहिला पोरगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता, त्याच दाराच्या आत. सासूबाईनं ते ह्या तोरणाच्या माथी मारलं असतं, अन् तोरणाच्या आडून माह्या. तुमी म्हणसान, अंबूचं लग्न मोडू नये म्हणून मी गप बसली. खोटं काऊन बोलू? अंबूचा इचार त्या घडीले माह्या मनातही आला नाही.

"हो आत्याबाई, करतो," मी म्हटलं. जीभ झडली नाही माही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायच्या आधी मी तिच्याकडं गेली. ते चुलीपुढं बसली होती. "काकू, मले माफ कर," म्हणून रडायले लागली.

"रडू नको," ते म्हणे. वर पाह्यलंही नाही. "दोन महिन्यांत तू काय तोरण करशीन? पूर्ण करून पाठवतो. माही पोरगी उघड्या दारातून घरात जायले नको."

अन् काय सांगू, मले हायसं वाटलं! लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं.

दोन महिने सासूबाईले मी सांगत राह्यली, रात्री दार लावून ओवतो, कोणाची नजर लागू नये. माघात, लग्नाच्या आठ दिवस आधी, माहा भाऊ मोटरनं ते घेऊन आला. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं. सारं झालेलं, हत्तीचा डोळा तेवढा बाकी. दोऱ्याले सुई तशीच लटकून, अन् चिंधीत बांधलेला एक काळा मणी.

"काकूनं सांगतलं, शेवटचा मणी तुहा," भाऊ म्हणे. "अन् ते मण्याचं सूप तिनं भावजयीले देऊन टाकलं, तूर पाखडायले."

मी मणी ओवला. तोही वाकडाच बसला.

लग्न जानेफळले झालं. तानुकाकू मांडवात आली नाही, धान्याच्या खोलीत बसून होती. लेकीच्या डोक्यावर अक्षताही तिनं टाकल्या नाहीत, तिले टाकू दिल्या नाहीत. वरात नांदुऱ्याले आली तवा दारावर नवं तोरण लागलं होतं, जुनं आत मधल्या दारावर गेलं होतं. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. सासूबाई साऱ्या बायायले ऐकू जाईन अशा म्हणाल्या, "पाह्य अंबू, तुह्या जाऊबाईनं डोळे फोडून केलं हे तुह्यासाठी. पाया पड तिच्या."

अंबूनं वर पाह्यलं. बारा राघू, मधात हत्ती. लय वेळ पाह्यलं, इतका की मागं बाया कुजबुजायले लागल्या. मग वाकून माह्या पायाले हात लावला, अन् फक्त मलेच ऐकू येईन अशी म्हणे, "जाऊबाई, डोळा तेवढा तुमच्या हातचा हाय."