मालनने घेतलेलं सोंग

अलोऱ्याच्या कॉलनीत अंगणवाडीची मदतनीस असलेली मालन कुणाचीही नक्कल करायची. ग्रामसेवक, एस.टी.चा कंडक्टर, शेजारची सोनूबाई. एकदा पाहिलेला माणूस ती चालण्याबोलण्यासकट उभा करी. नवऱ्याची नक्कल मात्र तिने कधी केली नव्हती. धोंडू लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत होता. पाळी संपवून, वाटेत पिऊन यायचा आणि आला की मारायचा. चौदा वर्षं.

२००८च्या संक्रांतीत बचत गटाचं हळदीकुंकू होतं. बायकांनी फारच आग्रह केला तेव्हा मालनने धोंडूचे जुने कंपनीचे बूट पायांत चढवले आणि तो घरात कसा शिरतो ते करून दाखवलं. भाताच्या टोपाशी भांडतो, भिंतीला दम देतो, मग बायकोच्या केसांना हात घालतो. बायका आधी हसून लोळल्या. शेवटी शेवटी कुणी हसेना.

गटाला कॉम्प्युटर शिकवायला चिपळूणहून येणारी समरीन हे सगळं भावाने कुवेतहून आणलेल्या कॅमेऱ्यात घेत होती. इंटरनेटवर टाकू का, असं तिने विचारलं. मालन म्हणाली, माझं नाव नको, बाकी टाक.

तीन आठवड्यांत हजारोंनी ते पाहिलं. मुंबईच्या एका वाहिनीची माणसं विनोदी कार्यक्रमासाठी नवे चेहरे अशा व्हिडिओंतूनच हेरत होती. या बाईला चाचणीला पाठवा, असा त्यांचा निरोप समरीनकडे आला.

पण त्याच सुमारास तो व्हिडिओ ब्लूटूथवरून या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये जात कंपनीच्या बसमध्येही पोचला. मान वाकडी करून थुंकायची सवय पाहून बसमधल्या सगळ्यांनी धोंडूला ओळखलं आणि चिपळूण येईपर्यंत हसत राहिले.

दुपारी चारला तो घरी आला. त्या दिवशी तो प्यायला नव्हता. त्याने पुढच्या दाराला आतून कडी लावली आणि पाट उचलून तिच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. पुढच्या फटक्याला तिने डावा हात आडवा घातला; मनगट मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. मग तो खाटेवर बसला.

"आता कर," तो म्हणाला. "माझ्यासमोर करून दाखव."

भिंतीला धरून ती उठली आणि तिने केलं. हात लोंबत होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं, तरी चाल चुकली नाही. धोंडू बघत राहिला. केसांना हात घालायची वेळ आली तशी ती सरळ त्याच्याकडे गेली आणि त्याचेच केस मुठीत धरून तिने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

त्याने तिचा गळा धरला. तिच्या डोळ्यांपुढे काळोख येत होता तेवढ्यात सोनूबाई मागच्या दाराने मुसळ घेऊन शिरली. पहिल्या घावात धोंडूचा गुडघा फुटला आणि गळा सुटला. दुसरा घाव गरज नसताना घातला, हे तिने पोलिसांना स्वतःहून सांगितलं.

मालन प्लास्टरमधल्या हातानेच चाचणीला गेली. सोंग झाल्यावर तिथले साहेब म्हणाले, छान आहे, फक्त ते केस धरायचं काढून टाका.

"तेवढंच खरं आहे," मालन म्हणाली. "बाकीचं मी हसवायला घातलंय."

विनोदी कार्यक्रमात तिला घेतलं नाही. दोन महिन्यांनी त्याच वाहिनीने मालिकेतल्या खाष्ट सासूसाठी बोलावलं, आणि ते काम तिने दीड वर्ष केलं. धोंडू जामिनावर सुटून लंगडत मंडणगडला भावाकडे गेला, खटला रेंगाळला.

मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात तिला सुनेच्या थोबाडीत मारायची होती. हात थांबवायचा असतो, हे तिला दोनदा सांगितलं होतं. हात थांबला नाही. सून झालेली मुलगी कान धरून खाली बसली. सेटवर कुणीतरी म्हणालं, वा, काय खरं वाटलं. मालनने बाहेर जाऊन तो हात नळाखाली खसाखसा धुतला.

परत येऊन तिने त्या मुलीची माफी मागितली. पुढे मारण्याचा प्रसंग असला की आधी तिच्या शेजारी बसायची, कुठून हात येणार, कुठे थांबणार ते हळूहळू करून दाखवायची, आणि ती मुलगी हो म्हटल्याशिवाय उठायची नाही.